आयफोन की गॅलॅक्सी: दीड लाख मोजण्याआधीच्या आणि नंतरच्या पायऱ्या, क्रमाने

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एखाद्या मोबाईलच्या दुकानात सणाच्या आठवड्यात अर्धा तास थांबलात तर दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं दिसतात. एक नवा फोन घ्यायला आलेलं, ते आधी कॅमेऱ्याचं विचारतं. दुसरं आठ दिवसांपूर्वी फोन घेऊन गेलेलं आणि आता तोंड वाकडं करून परत आलेलं. त्याची तक्रार सहसा कॅमेऱ्याची नसते. जुन्या व्हॉट्सॲप चॅट आल्या नाहीत, दुसरं सिम बसत नाही, बिलावर फर्मचा जीएसटी नंबर नाही, यूपीआय सुरू होईना, असलं काहीतरी असतं.

ही दुसरी फेरी टाळायची असेल तर क्रम सांभाळावा लागतो. या किमतीचे दोन्ही फोन चांगलेच असतात. नुकसान होतं ते शेवटी बघायची गोष्ट आधी आणि आधी बघायची शेवटी बघितल्याने. म्हणून आधी अडवणाऱ्या गोष्टी, मग पैसे, मग हात आणि डोळे.

उदाहरणाला आयफोन १७ प्रो मॅक्स आणि सॅमसंग गॅलॅक्सी एस२५ अल्ट्रा ही जोडी घेतली आहे. गॅलॅक्सी जानेवारी २०२५ मध्ये आला, आयफोन त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये. २५६ जीबीच्या मॉडेलची भारतातली सुरुवातीची किंमत आयफोनची १,४९,९०० रुपये आणि गॅलॅक्सीची १,२९,९९९ रुपये. तुम्ही घ्याल तेव्हा मॉडेलचे नंबर पुढे गेले असतील. पायऱ्या त्याच वापरा.

पायरी १: घरी बसून सध्याच्या फोनची झडती

दुकानात जायच्या दोन दिवस आधी वहीचं एक पान घ्या आणि खालच्या गोष्टी लिहून काढा. डोक्यात ठेवू नका. काउंटरवर उभं राहिलं की यातलं निम्मं आठवत नाही.

*बदलायचं कारण.* एका ओळीत लिहा. "बॅटरी दुपारीच संपते" एवढंच असेल तर आधी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये बॅटरी बदलण्याचा भाव विचारा. कारण तेवढंच असेल तर हा लेख इथेच सोडलात तरी चालेल.

*सिम.* किती नंबर आहेत, कोणत्या कंपनीचे, कोणता नंबर बँकेला जोडलेला आहे? भारतात विकला जाणारा आयफोन १७ प्रो मॅक्स एक नॅनो सिम घेतो, दुसरा नंबर ई-सिमवर (प्रत्यक्ष कार्ड नसलेलं, फोनमध्येच सुरू होणारं सिम). एस२५ अल्ट्रात दोन प्रत्यक्ष सिम बसतात आणि ई-सिमही चालतं. शहरातला एक नंबर आणि राधानगरी-गगनबावड्याकडच्या गावात रेंज मिळावी म्हणून बीएसएनएलचा दुसरा, अशी जोडी आपल्याकडे बऱ्याच जणांकडे असते. तुमच्याकडे ती असेल तर "माझ्या नंबरला ई-सिम मिळेल का" हे बीएसएनएलच्या कार्यालयात विचारून घ्या आणि मगच आयफोनचा विचार पुढे न्या.

*जागा.* सेटिंग्जमध्ये जाऊन आत्ता किती जीबी भरली आहे ते बघा. दोन्हीपैकी एकाही फोनमध्ये मेमरी कार्ड बसत नाही. सध्याच दीडशे-पावणेदोनशे जीबी भरली असेल तर २५६ जीबीचा फोन वर्ष-दीड वर्षात तुंबणार. व्हिडिओचा हिशोब असा: आयफोनवर ४के चित्रण सेकंदाला ३० फ्रेमने मिनिटाला साधारण १७० एमबी खातं, ६० फ्रेमने ४०० एमबी. म्हणजे घरच्या लग्नातलं तासाभराचं ६० फ्रेमचं चित्रण झालं २४ जीबी.

*ॲप.* बँकेची मोठी ॲप दोन्हीकडे असतात. घोळ होतो तो लहान ॲपचा: तुमची पतसंस्था, सहकारी बँक, साखर कारखान्याचं सभासदांसाठीचं ॲप, गोडाऊनचे सीसीटीव्ही, कारखान्यातल्या मशीनचं किंवा बिलिंगचं ॲप. अँड्रॉइडवरून आयफोनवर जाणार असाल तर यातलं प्रत्येक नाव मित्राच्या आयफोनवरच्या ॲप स्टोअरमध्ये शोधून बघा. "असेलच की" म्हणून सोडू नका.

*कॉल रेकॉर्डिंग.* मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडत्याला किंवा गुजरीतल्या सराफाला याचं महत्त्व सांगायला नको. भाव फोनवर ठरतो. सॅमसंगच्या भारतातल्या फोनवर ही सोय कॉलच्या ॲपमध्येच आहे. आयफोनवर ती आयओएस १८.१ पासून आली, पण रेकॉर्डिंग सुरू होताच दोन्ही बाजूंना तशी सूचना ऐकू जाते. समोरच्याला कळणं हा माझ्या मते गैरसोयीपेक्षा सभ्यपणाचा भाग आहे. पण ज्याचं काम यावर चालतं त्याने हा फरक खरेदीआधी समजून घ्यावा.

> तपासा: पानावरच्या ज्या गोष्टीवाचून तुमचं काम अडेल तिच्याखाली लाल रेघ मारा. दोन-तीनपेक्षा जास्त रेघा झाल्या असतील तर पुन्हा वाचा. आवड आणि अडचण यांची सरमिसळ झाली आहे.

पायरी २: घरात आधीपासून काय आहे

हे लवकर उरकतं. घरात मॅक, आयपॅड किंवा ॲपलचं घड्याळ असेल तर आयफोनचं पारडं जड होतं, कारण ॲपलचं घड्याळ अँड्रॉइडला जोडताच येत नाही. सॅमसंगचं अलीकडचं घड्याळ आयफोनशी जुळत नाही. विंडोज लॅपटॉप आणि गूगलचं सगळं असेल तर दोन्ही फोन चालतात.

आणखी एक: घरात फोनची अडचण कोण सोडवतं? कॉलेजात जाणारी भाची, शेजारचा मुलगा, जो कोणी असेल त्याच्याकडे कुठला फोन आहे ते बघा. साठीच्या पुढच्या माणसासाठी फोन घेत असाल तर हा मुद्दा कॅमेऱ्याच्याही वर ठेवा.

पायरी ३: बिघडला तर कोण, कुठे, किती दिवसांत

बहुतेक जण हा प्रश्न स्क्रीन फुटल्यावर विचारतात. ॲपलचं स्वतःचं आपल्याला सर्वांत जवळचं दुकान पुण्यात कोरेगाव पार्कला आहे. ते सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झालं. कोल्हापूरहून सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे. अर्थात अधिकृत दुरुस्ती केंद्रं वेगळी असतात. दोन्ही कंपन्यांच्या संकेतस्थळांवर ४१६००१ हा पिनकोड टाकून अधिकृत केंद्राचा पत्ता काढा आणि तिथे स्वतः फोन करून तीन गोष्टी विचारा:

१. या मॉडेलची स्क्रीन वॉरंटीबाहेर बदलायला किती रुपये, मागची काच बदलायला किती?
२. काम इथेच होतं की फोन बाहेरगावी पाठवता? किती दिवस लागतात?
३. अपघाती नुकसानीची कंपनीची योजना कितीला पडते आणि खरेदीनंतर किती दिवसांच्या आत घ्यावी लागते?

तिसरं उत्तर पानावर ठळक लिहा. ती मुदत उलटली की योजना मिळत नाही, आणि पहिला ओरखडा बहुधा त्यानंतरच पडतो.

दुकानदाराने सांगितलेला "सर्व्हिसिंगचं आमच्याकडं बघून घेऊ" हा शब्द या तीन उत्तरांच्या जागी धरू नका. तो मनापासून बोलत असेल, पण सुटे भाग त्याच्या कपाटात नसतात.

> सावध: दोन्ही फोन आयपी६८ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) आहेत. कंपनीच्या चाचणीत अर्ध्या तासासाठी आयफोन ६ मीटर आणि गॅलॅक्सी १.५ मीटर गोड्या पाण्यात तग धरतो. तरीही पाण्याने झालेलं नुकसान दोघांच्याही साध्या वॉरंटीत बसत नाही, आणि फोन जुना होईल, पडेल-झडेल तशी ही क्षमता घटते. पावसात कॉल घ्यायला हरकत नाही. फोन हातात धरून रंकाळ्यात किंवा पंचगंगेत उतरू नका.

पायरी ४: खरा खर्च काढा

डब्यावरची किंमत हा खर्चाचा एक भाग झाला. तुमचा खर्च असतो तो घेतलेली किंमत वजा विकताना मिळणारी किंमत, अधिक मधला किरकोळ खर्च.

विकताना काय मिळेल याचा अंदाज बांधायची सोपी रीत आहे. दोन पिढ्या जुन्या भावंडांचा आजचा भाव काढा: आयफोन १५ प्रो मॅक्स (भारतातली सुरुवातीची किंमत १,५९,९००) आणि गॅलॅक्सी एस२३ अल्ट्रा (१,२४,९९९). जुने फोन घेणाऱ्या दोन दुकानांत "हा विकायचा झाला तर काय द्याल" असं विचारा. "काय भावात विकता" असं विचाराल तर वेगळाच आकडा मिळेल. मिळालेला आकडा सुरुवातीच्या किमतीच्या किती टक्के आहे ते बघा. आयफोनची टक्केवारी सहसा वर असते, पण किती वर ते तुमच्या बाजारात विचारल्याशिवाय कळत नाही.

मग मांडणी करा. समजा, सवलती धरून गॅलॅक्सी १,१०,००० ला पडतोय आणि तीन वर्षांनी ३५,००० येतील. आयफोन १,४५,००० ला पडतोय आणि ७०,००० येतील. दोन्हीकडे ७५,००० खर्च, महिन्याला दोन हजार ऐंशीच्या आसपास. आकडे समजुतीपुरते आहेत, पण पस्तीस हजारांचा वाटणारा फरक कुठे जातो ते यावरून लक्षात येईल. उलट तुम्ही फोन पाच-सहा वर्षं वापरून घरातल्या कुणाला देणार असाल तर विक्रीचा भाव विसरा. तिथे आज कमी पैशात मिळणारा फोन जिंकतो.

किरकोळ खर्चात पहिला चार्जर. दोन्ही डब्यांत फक्त यूएसबी-सी केबल येते. एस२५ अल्ट्रा पूर्ण वेगाने चार्ज व्हायला ४५ वॉटचा चार्जर आणि ५ अँपिअरची केबल लागते. हातगाडीवरच्या केबलने तो वेग मिळत नाही. आयफोन १७ प्रो मॅक्सला ४० वॉटच्या किंवा त्याहून मोठ्या चार्जरने वीस मिनिटांत निम्मं चार्ज होतं असं ॲपल सांगतं. गांधीनगरच्या होलसेल बाजारातून कव्हर घ्या, खुशाल घ्या. चार्जर मात्र बिलासकट नावाजलेल्या कंपनीचाच घ्या.

*हप्त्यांबद्दल.* "नो कॉस्ट" हप्त्यात बँक व्याज लावतेच. दुकान किंवा कंपनी तेवढी सूट आधी देते. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि वरून प्रोसेसिंग फी तुमच्या खिशातून जाते. म्हणून दुकानदाराला दोनच आकडे विचारा: आज रोख दिले तर किती, आणि सगळे हप्ते, फी, कर मिळून शेवटी किती? यातला फरक म्हणजे हप्त्याची किंमत.

*वेळ.* आयफोनचं नवं मॉडेल सप्टेंबरात येतं, गॅलॅक्सी एसचं वर्षाच्या सुरुवातीला. नवं प्रो मॉडेल आलं की ॲपल जुनं प्रो स्वतः विकायचं थांबवतं, त्यामुळे दुकानांत उरलेला मालच मिळतो. सॅमसंगचे भाव बाजारात काही महिन्यांतच उतरू लागतात. दसरा-दिवाळीला गॅलॅक्सीवर मोठी सवलत आणि आयफोनवर नुसती कार्डाची सवलत दिसते ती यामुळेच.

पायरी ५: कागदावरचे आकडे, थोडक्यात

इथे लोक सगळ्यात जास्त वेळ घालवतात. तो वाचवा.

मेगापिक्सेल सोडून द्या. गॅलॅक्सीचा मुख्य कॅमेरा २०० मेगापिक्सेलचा असला तरी नेहमीचा फोटो सोळा बिंदू एकत्र करून १२ मेगापिक्सेलचा निघतो. आयफोनचा ४८ चा कॅमेरा नेहमीचा फोटो २४ चा देतो. "१००एक्स"ही सोडा. झूमचे उपयोगी आकडे भिंगांचे असतात: गॅलॅक्सीत ३ पट आणि ५ पट अशी दोन वेगळी भिंगं, आयफोनमध्ये ४ पटीचं एक. प्रोसेसरच्या गुणांचे तक्तेही सोडा. रोजच्या कामात दोघांपैकी कुठलाच अडखळत नाही.

वाचायचे आकडे थोडे आहेत. वजन: गॅलॅक्सी २१८ ग्रॅम, आयफोन २३० च्या पुढे. रुंदी: दोन्ही ७८ मिलिमीटरच्या आसपास, पडदा दोन्हीकडे ६.९ इंच. म्हणजे "मला जरा लहान हवा" असं म्हणणाऱ्याने या दोघांत भांडण लावू नये, त्याच्यासाठी ६.३ इंचाचा आयफोन १७ प्रो आहे, किंवा साधा एस२५. अपडेट: सॅमसंगने सात वर्षांचं लेखी आश्वासन दिलंय. ॲपल असा आकडा डब्यावर छापत नाही, पण २०१८ च्या आयफोन एक्सएसला २०२४ चं आयओएस १८ मिळालं होतं. दोन्हीकडे निश्चिंती.

गॅलॅक्सीची लेखणी फोटोसाठी घेत असाल तर थांबा. एस२५ अल्ट्राच्या लेखणीतून ब्लूटूथ काढून टाकलं आहे; फोन लांब ठेवून लेखणीचं बटण दाबून ग्रुप फोटो काढणं आता जमत नाही. लिहिणं, सही करणं, नकाशावर खुणा करणं हे सगळं जमतं.

पायरी ६: हातात घेऊन चाचणी

दुकानातला डेमो फोन पूर्ण उजेडावर, कंपनीने निवडलेली चित्रं दाखवत ठेवलेला असतो. त्यावरून पडदा ठरवू नका. ब्राइटनेस मधोमध आणा, दुकानदाराला विचारून फोन दारापर्यंत न्या आणि उन्हात वाचता येतंय का ते बघा. मग या क्रमाने पुढे:

पकड. तुमच्या कव्हरइतकं जाड कव्हर घालून मागा. एका हाताने अंगठा वरच्या कोपऱ्यापर्यंत जातो का? झोपून वाचायची सवय असेल तर हात उंच करून दोन मिनिटं धरून बघा. दोन-तीन मिनिटांत जो हात भरून येतो तो रोज रात्री येणार.

मराठी टंकलेखन. ज्या पद्धतीने टाइप करता त्याच पद्धतीने "दऱ्याखोऱ्या, ऱ्हास, ज्ञानेश्वरी, ॲडव्हान्स" लिहा. "ऱ्या" आणि "ॲ" सहज उमटले की निम्मी लढाई जिंकली. बोलून लिहायची सोयही वापरून बघा, तुमच्या नेहमीच्या कोल्हापुरी बोलीत. पुस्तकी मराठी बोलून बघण्यात अर्थ नाही.

आवाज. डेमो फोनमध्ये स्वतःचंच सिम घालायला सांगा, ओळखीच्या कुणाला तरी फोन लावा आणि वर्दळीच्या रस्त्याच्या कडेला उभं राहून बोला. समोरच्याला विचारा, तुम्हाला नव्हे तर त्याला कसं ऐकू आलं.

कॅमेरा. दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली दोन्हींचे फोटो छान येतात, म्हणून ती चाचणी चाचणीच नाही. दारातून येणारा उजेड माणसाच्या पाठीमागे घ्या आणि चेहरा किती नीट दिसतो ते बघा. चालत्या माणसाचा फोटो घ्या. त्वचेचा रंग बघा. सावळ्या चेहऱ्याला कोण उगाच उजळ करतो ते इथे कळतं.

खरी चाचणी मात्र दुकानाबाहेर होते. ओळखीत ज्यांच्याकडे हे दोन फोन आहेत अशा दोघांना एका संध्याकाळी रंकाळ्यावर बोलवा, भेळेचा खर्च तुमचा. सूर्य मावळायच्या आधी काठावरून पलीकडच्या शालिनी पॅलेसचा फोटो आयफोनच्या ४ पटीने आणि गॅलॅक्सीच्या ५ पटीने घ्या, मग दोन्हींवर १० पटीने. दिवे लागल्यावर चौपाटीवरच्या गाडीवाल्याचे हात चालू असताना फोटो घ्या. शेवटी चालत-चालत अर्ध्या मिनिटाचं चित्रण.

तुमचं मुख्य चित्रण कसलं आहे त्यावर भर ठेवा. शाहू स्टेडियमवर पेठेच्या संघाची मॅच गॅलरीतून टिपायची असेल तर लांबचा गोलपोस्ट ५ पटीच्या पुढे लागतो. शाळेच्या गॅदरिंगला तिसऱ्या रांगेत बसणाऱ्याला ३ ते ४ पट पुरते. खासबाग मैदानातल्या कुस्तीत झूमपेक्षा दिव्याखालची हालचाल कोण गोठवतो ते महत्त्वाचं. आणि ज्याला फक्त नातवंडांचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकायचे आहेत त्याने ते फोटो व्हॉट्सॲपवरून पाठवून मगच ताडून बघावेत. तिथे दाबून लहान झालेल्या फोटोत दोन फोनांमधला फरक बहुधा उरतच नाही.

> तपासा: दोन्ही फोनांचे फोटो ज्याच्या-त्याच्या पडद्यावर बघून तुलना करू नका. एकाच लॅपटॉपवर किंवा टीव्हीवर मूळ फाइल शेजारी-शेजारी उघडा. निम्मा "भारी" रंग पडद्याचा असतो.

बुलेटच्या हँडलला फोन लावून पन्हाळ्याला जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. मोठ्या इंजिनच्या मोटारसायकलींची थरथर कॅमेऱ्यातल्या स्थिरीकरणाच्या यंत्रणेला बाधू शकते, असा इशारा ॲपलने स्वतः दिला आहे. गॅलॅक्सीतही हलत्या भिंगांची तशीच यंत्रणा आहे. कुठलाही घेतलात तरी थरथर शोषणारा माउंट लावा किंवा फोन खिशात ठेवा. तसंच जोतिबाच्या यात्रेला जाताना फोन झिपच्या पिशवीत ठेवा. चार्जिंगच्या खाचेत आणि स्पीकरच्या जाळीत बसलेला गुलाल लवकर निघत नाही, आणि गॅरेजमधल्या कॉम्प्रेसरने तो उडवायला जाणं म्हणजे आणखी आत ढकलणं.

पायरी ७: निर्णय

पान समोर घ्या. लाल रेघेवर जो फोन नापास, तो बाद; बाकी त्याचं कितीही कौतुक असो. दोन्ही पास झाले तर दुरुस्तीची उत्तरं बघा, मग खरा खर्च, मग पकड. कॅमेरा शेवटी, तोही तुमच्या मुख्य चित्रणापुरता.

समजा, शिरोली एमआयडीसीत एखाद्याचं वर्कशॉप आहे. दोन सिम, त्यातलं एक बीएसएनएल, ई-सिमची खात्री नाही; मशीनचं ॲप फक्त अँड्रॉइडवर. त्याची आयफोनची इच्छा कितीही असली तरी उत्तर गॅलॅक्सी. त्याच्या बायकोकडे मॅक आहे, एकच नंबर आहे, दर तीन वर्षांनी फोन बदलायची सवय आहे. तिचं उत्तर बहुधा आयफोन. एकाच घरात दोन उत्तरं आली म्हणून भांडायचं कारण नाही.

ठरलं की ठरलं. त्यानंतर व्हिडिओ बघणं बंद करा.

पायरी ८: खरेदी आणि बिल

१. पक्कं बिल. बिलावर तुमचं नाव, दुकानाचा जीएसटी नंबर (महाराष्ट्रातल्या दुकानाचा २७ ने सुरू होतो) आणि फोनचा आयएमईआय (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख नंबर) हवा. फोन धंद्यासाठी असेल तर बिल फर्मच्या नावे, फर्मच्या जीएसटी नंबरासह घ्या. मोबाईलवर १८ टक्के जीएसटी आहे. १,२९,९९९ मध्ये साधारण १९,८३० रुपये कराचे आहेत. त्याचं क्रेडिट मिळेल का हे तुमच्या सीएला आधीच विचारा. कंपोझिशन योजनेत असाल तर मिळत नाही. बिल फाडल्यावर "नंबर टाकून द्या की" म्हणण्यात दोघांचाही वेळ जातो.

२. आयएमईआय जुळवा. फोनवर *#०६# डायल करा. पडद्यावरचा, डब्यावरचा आणि बिलावरचा नंबर एकच हवा. मग इंग्रजी मोठ्या लिपीत के-वाय-एम, एक जागा सोडून आयएमईआय, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. सरकारी नोंदीतली फोनची माहिती उत्तरात येते. संचार साथी ॲपवरही हे होतं.

३. वॉरंटीची तारीख. कंपनीच्या संकेतस्थळावर सिरियल नंबर टाकून वॉरंटी कधी सुरू झाली ते बघा. आजच्याऐवजी जुनी तारीख दिसली तर फोन आधी सुरू झालेला आहे. तिथेच बोला.

४. ऑनलाइन घेतलात तर डबा उघडतानाचं सलग चित्रण करा, पत्त्याच्या चिठ्ठीपासून. कटकट झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

> सावध: दुबईहून नातेवाइकांनी आणलेला आयफोन स्वस्त पडतो, पण आखाती देशांत विकल्या जाणाऱ्या आयफोन १७ प्रोला सिमची खाचच नाही, सगळं ई-सिमवर. अमेरिकेतल्या आयफोनचं १४ पासून तसंच आहे. सॅमसंगच्या परदेशी फोनची वॉरंटी सहसा ज्या देशात घेतला तिथलीच. पायरी १ मधलं सिमचं उत्तर पुन्हा वाचा.

पायरी ९: जुन्यातून नव्यात, सगळ्यात जास्त घोटाळे होतात ती जागा

पहिली चूक दुकानातच होते. दुकानदार प्रेमाने म्हणतो, "थांबा साहेब, सेट करून देतो," आणि फोन सुरू करून थेट होम स्क्रीनपर्यंत नेऊन ठेवतो. अँड्रॉइडवरून आयफोनवर व्हॉट्सॲप चॅट नेण्याची संधी नव्या, कोऱ्या फोनच्या पहिल्या सेटअपच्या वेळीच असते. ती हुकली की फोन पुसून पुन्हा सुरुवात. म्हणून आयएमईआय आणि पडदा तपासायला फोन उघडा, पण खातं घालू नका, बाकी सेटअप घरी करतो म्हणून सांगा.

घरी हा क्रम ठेवा:

१. दिवस निवडा. दुसऱ्या दिवशी लग्न, प्रवास किंवा मोठा व्यवहार नसावा. जुना फोन किमान आठवडाभर पुसायचा नाही.

२. ऑथेंटिकेटर आणि पिन. डीमॅट, ई-मेल वगैरेंसाठी कोड देणारं ॲप वापरत असाल तर त्यातली खाती हलवायची तयारी आधी करा. व्हॉट्सॲपचा सहा आकडी पिन आठवतोय ना, ते बघा.

३. व्हॉट्सॲप. अँड्रॉइडवरून आयफोनवर जाताना जुन्या फोनवर "मूव्ह टू आयओएस" हे ॲप घ्या, दोन्ही फोन चार्जिंगला लावा, एकाच वाय-फायवर ठेवा आणि सेटअपमध्ये अँड्रॉइडवरून डेटा आणण्याचा पर्याय निवडा. यादीतल्या व्हॉट्सॲपवर टिक करायला विसरू नका. आयफोनवरून गॅलॅक्सीवर जाताना दोन्ही फोन केबलने जोडून "स्मार्ट स्विच" वापरा. नंबर दोन्हीकडे तोच हवा. गूगल ड्राइव्हवरचा बॅकअप आयफोनला उघडता येत नाही आणि आयक्लाउडवरचा अँड्रॉइडला. "बॅकअप आहे की" या भरवशावर अनेकांची वर्षांची चॅट गेली आहे.

४. सिम. आता सिम नव्या फोनमध्ये घाला. सिमचं ई-सिम करायचं असेल तर लक्षात ठेवा: सिम बदललं की सुरक्षेसाठी त्या नंबरवर साधारण २४ तास एसएमएस बंद राहतात. म्हणजे ओटीपी नाही आणि यूपीआयची नोंदणीही नाही. बँकेशी जोडलेला नंबर शक्यतो प्रत्यक्ष सिमवरच ठेवा, दुसऱ्याचं ई-सिम करा.

५. यूपीआय आणि बँका. एसएमएस सुरू असल्याची खात्री करून एकेक ॲप नोंदवा. नोंदणीचा एसएमएस तुमच्याच सिमवरून जातो, त्यामुळे त्यात बॅलन्स किंवा पॅक हवा. नव्या फोनवर पहिला दिवस बऱ्याच बँका पाच हजारांच्या आसपास मर्यादा ठेवतात, काहींची मुदत त्याहून जास्त. ते बँकेच्या ॲपचं बिघडलेलं नसतं. दोन दिवस खिशात रोकड ठेवा.

६. फोटो. आयक्लाउडवर ५ जीबी फुकट, गूगलवर १५ जीबी. त्यात न मावणारे फोटो केबलने लॅपटॉपवर उतरवा.

> तपासा: आठवड्याने हे बघा: दोन वर्षांपूर्वीची एखादी चॅट उघडते का, सगळ्यात जुना फोटो दिसतो का, लहान बँकेच्या ॲपमधून एक रुपया जातो का, पुणे-बेंगळुरू हायवेवर कॉल टिकतो का.

पायरी १०: जुना फोन देताना

एक्स्चेंजचा भाव दुकानात ठरवण्याआधी दोन-तीन ठिकाणी विचारा. "एक्स्चेंज बोनस" वेगळा आणि फोनची किंमत वेगळी लिहून मागा, नाहीतर एकात दुसरं लपतं. खरेदीच्याच दिवशी जुना फोन सोडावा लागणार असेल तर पायरी ९ पूर्ण होत नाही. त्या अटीवर मिळणाऱ्या दोन-तीन हजारांपेक्षा आठवडाभर फोन हाताशी असणं मला तरी जास्त मोलाचं वाटतं.

देताना आधी खात्यातून बाहेर पडा, मग पुसा. आयफोनवर "फाइंड माय" बंद करून ॲपल खातं काढायचं. अँड्रॉइडवर सेटिंग्जमधून गूगल आणि सॅमसंग दोन्ही खाती काढायची आणि त्यानंतर फॅक्टरी रीसेट. नुसतं रीसेट केलं तर पुढच्या माणसाला तुमचाच पासवर्ड मागितला जाऊ शकतो आणि त्याचा फोन तुम्हाला रात्री साडेदहाला येतो. सिम आणि असेल तर मेमरी कार्ड काढा, आयएमईआय वहीत लिहा, आणि घेणाऱ्याचं नाव, तारीख व सही असलेली पावती जुन्या बिलाच्या झेरॉक्सला टाचून ठेवा.